आयसीयूत औषधाला दाद न देणारा जंतू निघाला, तर घरच्यांनी काय करायचं?

पेशंट आयसीयूत जाऊन पाचसहा दिवस झालेले असतात. ऑपरेशन नीट झालंय, नाहीतर अपघातातली डोक्याची जखम सावरतेय. गावाकडे फोन करून ‘आता उतार आहे’ असं सांगूनही झालेलं असतं. मग एका सकाळी ताप चढतो, बीपी उतरतं, ऑक्सिजन वाढवावा लागतो. दोन दिवसांनी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, “कल्चरमध्ये क्लेब्सिएला आलाय, रेझिस्टंट आहे.” बाकड्यावर बसलेल्या माणसांना त्यातलं फक्त एवढंच कळतं, की काहीतरी वाईट आलंय. (कल्चर म्हणजे रक्त, कफ, लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं, क्लेब्सिएला हे एका जंतूचं नाव, आणि रेझिस्टंट म्हणजे औषधाला दाद न देणारा.)

मी एकोणीस वर्षं आयसीयूत नर्स आहे, त्यातली शेवटची आठ इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर म्हणून. त्या बाकड्यावरच्या माणसांसाठी हे लिहिते आहे. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार आणि त्यांनीच ठरवायला हवं. पण हे जंतू तीन वाटांनी बळावतात: हातांवरून, शरीरात घातलेल्या नळ्यांवरून आणि गरजेपेक्षा जास्त दिवस चाललेल्या अँटिबायोटिकमुळे. या तिन्ही वाटांवर घरच्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे. ते कुणी सांगत नाही, कारण आयसीयूच्या दारात उभं राहून सांगायला कुणाला वेळ नसतो.

पायरी पहिली: ‘जंतू सापडला’ आणि ‘जंतूने आजार केला’ यातला फरक विचारा

रिपोर्ट आला की डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: “हा जंतू नुसता तिथे राहतोय, की यानेच ताप आलाय?”

व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या श्वासनळीत, लघवीच्या नळीत, बेडसोअरच्या जखमेत काही दिवसांतच जंतू वस्ती करतात. कफ तपासायला पाठवला की तिथे अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू उगवतो. त्याचा अर्थ न्यूमोनिया झालाच असा नाही. एक्सरेमध्ये नवा डाग आहे का, कफ घट्ट-पिवळा झालाय का, ऑक्सिजनची गरज वाढली का, ताप आहे का, पांढऱ्या पेशी वाढल्यात का, हे सगळं एकत्र बघून डॉक्टर ठरवतात. लघवीचंही तसंच. नळी बरेच दिवस असेल तर लघवीत जंतू मिळणारच. पेशंटला त्याचा त्रास नसेल, तर नुसत्या रिपोर्टवर औषध द्यायचं नसतं.

रक्ताचं कल्चर मात्र वेगळं. रक्तात क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडला, तर तो खरा मानून ताबडतोब उपचार होतात. त्वचेवर राहणारे काही जंतू रक्त काढताना बाटलीत जाऊ शकतात. म्हणूनच दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेतात आणि मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर भरतात. “इतकं रक्त कशाला काढता, आधीच अशक्त आहेत” असं म्हणून सिस्टरला अडवू नका. कमी रक्त गेलं तर जंतू हुकतो, आणि मग डॉक्टरांना अंदाजानेच औषध चालवावं लागतं.

याच वेळी घरच्यांच्या मनात दुसरा प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा तो चिडूनच बाहेर येतो: “हे हॉस्पिटलमुळे झालं ना?” खरं उत्तर असं, की दोन्ही शक्य असतं. आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांच्या आतड्यात रेझिस्टंट जंतू आधीपासून गप्प बसलेले असतात. आयसीयूत जोरदार अँटिबायोटिक सुरू झालं की आतड्यातले साधे जंतू मरतात आणि यांना मोकळं रान मिळतं. दुसऱ्या बाजूला, शेजारच्या खाटेवरचा जंतू कुणाच्या तरी हातावरून येणं हेही रोजचं वास्तव आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडे-आठवडे जिवंत राहू शकतो: खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटण, पडदा. तुम्ही विचारायला हवं, आणि उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. फक्त पहिल्या दिवशी भांडणाने सुरुवात झाली, की पुढचे दहा दिवस तुमच्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही आणि नुकसान पेशंटचं होतं.

पायरी दुसरी: कल्चरचा कागद वाचायला शिका

रिपोर्टची प्रत मागून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वरच्या भागात तीन गोष्टी बघा: नमुना कशाचा होता (रक्त, कफ, लघवी, पू), तो कोणत्या तारखेला घेतला आणि जंतूचं नाव काय. खाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला बळी पडतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही, ‘आय’ म्हणजे मधलं.

अक्षराशेजारी कधी आकडा असतो. इथे नातेवाइकांची हमखास चूक होते. एका मुलाने वडिलांच्या रिपोर्टवर सगळ्यात लहान आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांना म्हणाला, “हे औषध सगळ्यात पॉवरफुल आहे, हेच द्या.” तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. प्रत्येक औषधाचं माप वेगळं असतं, म्हणून एका औषधाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. शिवाय औषध फुप्फुसात पोचतं का, मेंदूत पोचतं का, किडनीला झेपेल का, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आणखी एक. कॉलिस्टिन नावाच्या औषधापुढे ‘आय’ दिसलं म्हणून घाबरू नका. अमेरिकेतल्या ज्या संस्थेच्या निकषांवर आपल्याकडच्या बऱ्याच लॅब चालतात, तिने २०२० मध्ये या औषधासाठी ‘एस’ हा वर्गच काढून टाकला. त्यामुळे अशा लॅबमध्ये उत्तमातला उत्तम निकालही ‘आय’ असाच छापून येतो.

रिपोर्टला वेळ लागतो. काहीतरी वाढतंय हे बहुधा एका दिवसात कळतं. नाव आणि औषधांची यादी यायला दोन ते तीन दिवस जातात. तेवढ्या काळात डॉक्टर आयसीयूतल्या अनुभवावर औषध सुरू करतात, कारण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे बीपी कोसळतं तेव्हा, थांबायला वेळ नसतो. रिपोर्ट आल्यावर औषध बदललं, तर ‘आधीचं चुकलं’ असं समजू नका. अंदाजावरून नेमकेपणाकडे येण्याची हीच रीत आहे.

पायरी तिसरी: एक माणूस, एक वही, चार प्रश्न

घरातल्या एकालाच डॉक्टरांशी बोलायला नेमा. सकाळी मुलगा, दुपारी जावई, संध्याकाळी पुण्याहून आलेले काका असं झालं, की प्रत्येकाला थोडं थोडं कळतं आणि पूर्ण कुणालाच कळत नाही. त्या एका माणसाने शंभर पानी वही घ्यावी आणि रोज तारीख टाकून लिहावं. मोबाइलपेक्षा वही बरी. ती हातोहात देता येते आणि तिची बॅटरी संपत नाही.

रोज विचारायचे प्रश्न चारच:

“आज कोणतं अँटिबायोटिक चालू आहे, ते कशासाठी, आणि आजचा कितवा दिवस?”

“ते किती दिवस द्यायचं ठरलंय?”

“कोणती नळी आज काढता येईल?”

“किडनी कशी आहे? क्रिएटिनिन किती, लघवी किती झाली?” (क्रिएटिनिन हा रक्तातला आकडा, किडनी थकली की तो वाढतो.)

तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. माझे वडील हाड मोडून एका दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा त्यांची लघवीची नळी नऊ दिवस राहिली. पहिल्या तीन दिवसांनंतर तिची गरज नव्हती. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, काढायची आठवण कुणाला राहिली नाही एवढंच. मी रोज फोन करत होते, ताप विचारत होते, जेवण विचारत होते. नळीचं विचारलं नाही. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पुढचे तीन आठवडे त्यांचे त्यात गेले. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला हा प्रश्न पाठ करायला लावते.

पायरी चौथी: नळ्यांवर लक्ष ठेवा

आयसीयूतल्या पेशंटला साधारण तीन नळ्यांचा धोका असतो आणि त्या प्रत्येकीची काळजी वेगळी असते.

श्वासाची नळी. व्हेंटिलेटर लावून ४८ तासांहून जास्त वेळ झाल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. तोंडातली, घशातली लाळ जंतूंसकट नळीच्या कडेने हळूहळू खाली झिरपते. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असते. भेटायला गेल्यावर पेशंट अगदी सपाट झोपलेला दिसला तर विचारा, “सिस्टर, डोकं वर घ्यायचंय का?” कधी बीपी खूप कमी असतं, मणक्याला मार असतो, मग मुद्दामच सपाट ठेवतात. पण कधी स्पंज करताना खाली केलेली खाट वर करायची राहूनही जाते, आणि विचारल्याबद्दल कुठलीही चांगली सिस्टर रागावणार नाही. तोंडाची सफाई रोज, शक्यतो मऊ ब्रशने व्हायला हवी. झोपेचं औषध रोज थोडं कमी करून पेशंट स्वतः श्वास घेतो का हे बघितलं जातं. त्या वेळी तो हातपाय हलवतो, अस्वस्थ दिसतो. “परत झोपवा त्यांना, बघवत नाही” असा आग्रह धरू नका. व्हेंटिलेटर एक दिवस लवकर निघणं हे कितीतरी अँटिबायोटिकपेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

मानेतली किंवा जांघेतली मोठी लाइन. ही थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते, म्हणून इथला जंतू सरळ रक्तात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी शंभराहून जास्त आयसीयूंना पाच साध्या गोष्टींची सवय लावली: हात धुणं, लाइन घालताना पेशंटला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर आणि गाऊन-टोपी-मास्क, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्य तिथे जांघ टाळणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. दीड वर्षात लाइनमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गांत तिथे ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही नवं औषध नव्हतं, नवं मशिन नव्हतं. म्हणून माझा या पाच गोष्टींवर कुठल्याही महागड्या इंजेक्शनपेक्षा जास्त विश्वास आहे. घरच्यांनी बघायचं ते एवढंच: लाइनवरची पारदर्शक पट्टी सुटलेली, ओली किंवा रक्ताळलेली दिसली तर लगेच सांगा. त्यावर कधीही स्वतः हात लावू नका.

लघवीची नळी. पिशवी कायम पेशंटच्या पातळीच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एक्सरेला किंवा सिटी स्कॅनला नेताना वॉर्डबॉय कधी पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवतो आणि लघवी उलटी जाते. बरोबर जाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

पायरी पाचवी: आधी हात, चप्पल नंतर

आपली माणसं आयसीयूच्या दारात चप्पल फार निष्ठेने काढतात. देवळात काढतात तशीच. मग आत येऊन मोबाइल खिशात टाकतात आणि त्याच हाताने पेशंटच्या कपाळावरून हात फिरवतात. जंतूच्या दृष्टीने चपलेपेक्षा हा हात हजारपट महत्त्वाचा आहे.

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये प्रसूतीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हा जंतू म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. आज सगळं माहीत असूनही, गर्दीच्या दिवशी एका सिस्टरकडे चार पेशंट आले की सगळ्यात आधी हातांचीच हयगय होते. आपल्या बऱ्याच आयसीयूंची खरी अडचण हीच आहे.

तुमची पद्धत अशी ठेवा. भेटीला जाण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून बाहेरच्याकडे द्या. बाह्या कोपरापर्यंत सारा, पदर आणि ओढणी खोचून घ्या. मोबाइल बाहेरच ठेवा. दारातल्या हॅन्डरबचे दोन-तीन दाब तळहातावर घ्या आणि वीस ते तीस सेकंद चोळा: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. अंगठा सगळे विसरतात. पुसायचं नाही, वाळू द्यायचं. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद धुवा. पेशंटला जुलाब होत असतील तर हॅन्डरबवर अवलंबून न राहता साबणच वापरा, कारण जुलाब करणारा एक जंतू अल्कोहोलने मरत नाही. बाहेर पडताना पुन्हा तेच. खाटेवर बसू नका, शेजारच्या पेशंटची चौकशी करायला त्याला स्पर्श करू नका.

पेशंटच्या खाटेपाशी ‘आयसोलेशन’ किंवा ‘कॉन्टॅक्ट प्रिकॉशन’ अशी पाटी लागली, तर तो पेशंट अस्पृश्य झाला असं नाही. त्याच्याजवळ जाताना गाऊन आणि हातमोजे घालायचे, निघताना तिथेच टाकायचे, आणि हातमोजे काढल्यावरही हात चोळायचे. हात धरून बसता येतं, बोलता येतं. बोला. बेशुद्ध वाटणाऱ्या माणसालाही आवाज पोचत असतो, असं मी खूपदा पाहिलंय.

आता अंगारा-तीर्थाचं. मला हे टाळून पुढे जाता येत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक घर काहीतरी घेऊन येतं. एका आजींनी नातवाच्या गळ्याच्या छिद्रापाशी, ट्रॅकिओस्टॉमीच्या अगदी कडेला, अंगारा लावला होता. त्यांचा जीव त्या बोटात होता, मला दिसत होतं. पण ती राख थेट श्वासनळीत जाते. तोंडात घातलेलं तीर्थ गिळता न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात उतरतं. मी आता असं सांगते: अंगाऱ्याची पुडी बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे द्या, आम्ही ती उशापाशी चिकटवून ठेवतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आणि डॉक्टरांना, सिस्टरला, मावशींना हात स्वच्छ करायची आठवण करून द्यायला कचरू नका. “सिस्टर, हात रब केले का हो?” एवढं हळू आवाजात पुरतं. सलाइन बदलताना, कफ ओढताना, लाइनला इंजेक्शन जोडताना हे विचारायचे खरे क्षण असतात.

पायरी सहावी: ‘हाय अँटिबायोटिक द्या’ हा आग्रह सोडा

पैसे कमी पडणार नाहीत, सगळ्यात भारी औषध द्या, असं प्रेमाने सांगितलं जातं. आपण ज्याला भारी म्हणतो त्यातली बरीचशी औषधं आता इथल्या जंतूंना ओळखीची झाली आहेत.

मेरोपेनेम हे अनेक वर्षं आमचं राखीव हत्यार होतं. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरातल्या पाहणीत आता अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दहातल्या आठाहून जास्त नमुन्यांवर ते चालत नाही आणि क्लेब्सिएलाचीही निम्म्याहून जास्त नमुन्यांत तीच गत आहे. क्लेब्सिएलाकडे मेरोपेनेम तोडून टाकणारी विकरं (एन्झाइम) असतात. त्यातल्या एकाचं नाव एनडीएम. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या जंतूत ते २००८ मध्ये पहिल्यांदा ओळखलं गेलं आणि नावात नवी दिल्ली आलं. त्यावरून २०१० मध्ये आपल्याकडे मोठा वादही झाला. नावाचं काहीही असो, जंतू आपल्या हॉस्पिटलांत आहे.

मग कॉलिस्टिन. हे १९५०च्या दशकापासूनचं औषध. किडनीला इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलं होतं. दुसरं काही चालेना तेव्हा पुन्हा बाहेर काढावं लागलं. हेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातही घातलं जात होतं. त्यावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली. पेशंटला कॉलिस्टिन किंवा त्याचं भावंड पॉलिमिक्सिन बी चालू असेल, तर वहीतला किडनीचा प्रश्न रोज न चुकता विचारा.

अलीकडे सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हीबॅक्टम हे महागडं इंजेक्शन वापरलं जातं. एनडीएम असलेल्या जंतूवर ते एकटं चालत नाही. त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनाम दिलं तर बऱ्याचदा चालतं, कारण एनडीएम ते तोडू शकत नाही. म्हणून डॉक्टरांना एवढं विचारणं योग्य आहे: “यांच्या जंतूत नेमकं कोणतं विकर आहे, ते शोधायची टेस्ट इथे होते का?” काही तासांत ते सांगणारी तपासणी मोठ्या लॅबमध्ये मिळते आणि चुकीच्या महागड्या औषधाचे दिवस वाचतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टरचं गणित पुन्हा निराळं असतं, तिथे ही जोडी सहसा कामाची नाही.

मेरोपेनेमचं सलाइन तीन तास थेंबथेंब चालतं, तेव्हा “इतकं हळू का सोडलंय” म्हणून अस्वस्थ होऊ नका. रक्तातली पातळी जास्त वेळ टिकावी म्हणून ते मुद्दाम तसं देतात.

दिवसांबद्दलही तसंच. पूर्वी चौदा, एकवीस दिवस औषध चालायचं. आता व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाला बहुतेकांना सात दिवस पुरतात. रक्तातल्या संसर्गावर साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत. काही जंतू, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, न काढलेला पू यांना जास्त दिवस लागतात, ते डॉक्टर सांगतील. पण पेशंट सावरतोय आणि डॉक्टर औषध थांबवतायत, तर “अजून दोन दिवस राहू द्या” म्हणू नका. प्रत्येक जादा दिवस पुढच्या जंतूची मशागत असते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात असं बजावलं होतं. त्यानंतर नऊ वर्षांनी आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पेनिसिलिन सामान्य माणसाला परवडावं म्हणून. माझ्या आजोळी त्या कारखान्याचं नाव आदराने घेत. तेच औषधांचं घराणं आपण सर्दी-पडशाला, मेडिकलवाल्याला विचारून, तीन गोळ्या खाऊन उधळलं. हे मला फार लागतं.

पायरी सातवी: पैशाचं पहिल्याच दिवशी बोला

रेझिस्टंट संसर्ग म्हणजे आयसीयूतले दिवस वाढणं, आणि रोजचं बिल वाढणं. संकोच करू नका.

हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादाय योजनेत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडे जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही तिथूनच मार्गी लागतो. औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर विचारा, “याच औषधाची दुसऱ्या चांगल्या कंपनीची स्वस्त बाटली चालेल का?” एकाच इंजेक्शनच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत खूप फरक असतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर ते कागदावर मिळतं, पेशंट हलवायची गरज नसते. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. व्हेंटिलेटरवरचा, बीपीची औषधं चालू असलेला पेशंट रागाच्या भरात ‘डामा’ करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, नेऊ नका. प्रवासातच हरवलेली माणसं मी पाहिली आहेत. हलवायचंच असेल तर नव्या हॉस्पिटलला जंतूचं नाव आधी फोनवर सांगा, म्हणजे ते वेगळी खाट तयार ठेवतील.

आणि काही वेळा, वय झालेल्या, आधीच खूप थकलेल्या माणसाचा देह साथ देत नाही, योग्य औषध मिळूनही. त्या वेळी “आता पुढे काय अपेक्षा ठेवायची, यांना त्रास कमी कसा होईल?” हेही विचारायचं असतं. हा प्रश्न विचारणं म्हणजे हार मानणं नव्हे, तेही आपल्या माणसाची काळजी घेणंच आहे.

पायरी आठवी: घरी नेल्यावर

डिस्चार्जच्या आनंदात घरात एक भीती शिरते. ‘तो जंतू घरातल्या बाळाला लागेल का?’ निरोगी माणसाला यापासून फारसा धोका नसतो. पेशंटच्या आतड्यात तो काही महिने राहू शकतो, म्हणून शौचालयानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं सगळ्यांनीच पाळायचं. जखमेचं ड्रेसिंग, लघवीची पिशवी, ट्यूब फीड करणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवावेत. कपडे नेहमीच्या साबणाने धुवून उन्हात वाळवले की झालं. ताटवाटी वेगळी ठेवू नका, नातवंडांना दूर करू नका. महिनाभर मरणाच्या दारात राहून आलेल्या माणसाला वेगळं ताट फार खुपतं. घरात किमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल किंवा अगदी लहान, वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल, तर तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेणं आता कायमचं बंद. २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातल्या औषधांना चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. “ओळखीचा आहे, देतो तो” हे या पेशंटच्या बाबतीत फार महाग पडेल.

शेवटचं काम कागदाचं. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: पेशंटचं नाव, जंतूचं नाव, कशात सापडला, तारीख, कोणती औषधं चालली, कोणती चालली नाहीत, किडनीचा शेवटचा आकडा, कशाची अ‍ॅलर्जी. त्यामागे कल्चरच्या सगळ्या प्रती लावा आणि हा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. एक फोटो मुलीच्या मोबाइलवर, एक शेजाऱ्यांच्या. सहा महिन्यांनी पुन्हा ताप चढला आणि रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत ड्युटीवर नवखा डॉक्टर असला, तरी तो कागद बघून पहिलं इंजेक्शन बरोबर निवडेल.